पाचर ठोकली की सिलिंडर अडतो

दुरुस्तीला आलेले रिव्हॉल्वर म्हणजे १८५१ च्या कोल्ट नेव्हीची इटालियन प्रतिकृती: ०.३६ कॅलिबर, साडेसात इंची अष्टकोनी नळी, सिलिंडरवर १८४३ च्या कँपेचेच्या सागरी लढाईचे कोरीव चित्र. संग्राहकांची तक्रार एका ओळीची होती. पाचर, म्हणजे नळी जागेवर धरणारी आडवी खीळ, घट्ट ठोकली की सिलिंडर फिरत नाही, सैल ठेवली की नळी हलते.

काळ्या दारूच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर अडला की जो तो काजळीवर ठपका ठेवतो. बरेच बार उडाल्यावर तसे होतेही. पण हे स्वच्छ, कोरडे असतानाच अडत होते.

या जुन्या कोल्टला सिलिंडरवरून जाणारी फ्रेमची पट्टी नसते. नळी आणि फ्रेम यांना धरून ठेवतो तो आर्बर, म्हणजे सिलिंडर ज्याच्याभोवती फिरतो तो दांडा, आणि त्यातून आडवी जाणारी पाचर. आर्बरचे टोक नळीखालच्या छिद्राच्या तळाला टेकलेच पाहिजे. टेकले नाही तर पाचर ठोकाल तितकी नळी मागे ओढली जाते, खालच्या टेकूवर, म्हणजे नळीचा जो भाग फ्रेमला टेकतो त्यावर, कलते, तोंड वर उचलते आणि मागची कड सिलिंडरला घासते. नेम वर-खाली होतो तोही यामुळेच.

तपासणी सोपी आहे. सिलिंडर काढा, नळी बाजूला फिरवून आर्बरवर शेवटपर्यंत ढकला. नळीचा टेकू फ्रेमच्या तोंडाशी बरोबर येऊन थांबावा. इथे तो फ्रेमच्या मागे सरकत गेला, आर्बर ०.११ इंच आखूड होता. चित्रातली जहाजे हुबेहूब उतरवणाऱ्या कारखान्याने हेच माप सोडावे, याचा मला अजूनही राग येतो.

उपाय म्हणजे छिद्राच्या तळाशी पोलादी बटण. चकत्यांची चळत लावू नये, त्यांच्यात ग्रीस शिरते आणि माप बदलते. बटण थोडे जाड कापून कानशीने उतरवत आणायचे.

बटण बसल्यावर खरे दुखणे दिसले. आधीच्या कारागिराने अडणारा सिलिंडर सुटावा म्हणून नळीची मागची कडच घासली होती, तीही तिरकी. जे घासते तेच कापायचे, ही सवय फार नुकसान करते. नळी सरळ बसताच ती आणि सिलिंडर यांच्यातली फट एका बाजूला ०.००८, दुसरीकडे ०.०११ इंच. ती ०.००३ ते ०.००५ हवी. कड लेथवर सरळ केली, टेकूचे तोंड ०.००७ इंच उतरवले, बटणही तितकेच कमी केले. फट ०.००४ वर आली आणि पाचर कितीही दाबली तरी बदलली नाही. तरी एक चुकीचे कापणे झाकायला चांगला टेकू कापावा लागला, हे मनातून जात नाही. ही नळी सोडून पूर्ण नवी घ्या असे सांगायला हवे होते का, याचा विचार अजून चालू आहे.

त्या संग्राहकांकडे १८६० च्या कोल्ट आर्मीचीही प्रतिकृती आहे, तिला अजून कोणी कानस लावलेली नाही. आर्बर मोजून होईपर्यंत तिची पाचर हातोडीने ठोकू नका, अंगठ्याने जाईल तेवढीच दाबा, असे मी त्यांना सांगितले आहे.