घाटाची भीती आणि वेगाचा खर्च

गेल्या मे महिन्यात नाशिकला भाचीच्या मुलाची मुंज होती. तिथे आपल्या इलेक्ट्रिक गाडीनेच जायचे असे मी ठरवले, तेव्हा इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांनी आणि त्यांच्याआधी सौभाग्यवतींनी एकच शंका काढली, ती म्हणजे वाटेतल्या घाटांचे काय. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. मानपूरच्या पुढे रस्ता घाटाने नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो, खलघाटला नदी ओलांडतो, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटाने सातपुडा पार करून शिरपूरकडे जातो आणि धुळ्यानंतर चांदवडच्या बाजूने पुन्हा चढत नाशिकला पोहोचतो. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आतबाहेर. माझ्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटांची, कागदावरचा पल्ला चारशेच्या पुढचा असला, तरी महामार्गावर अडीचशेपलीकडे भरवसा ठेवू नये, हे वर्षभरात कळून चुकले होते.

आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे घाटाचा हिशेब मी आधी कागदावर मांडला. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन साधारण १७५० किलो होते आणि नर्मदेपासून माळव्यापर्यंतची चढण सुमारे ४०० मीटरची आहे. एवढे वजन तेवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा दोन युनिटांहूनही किंचित कमी भरते. मोटारीतली तूट धरली तरी सव्वादोन युनिटे, म्हणजे बॅटरीचे साडेपाच टक्के. उत्तर इतके लहान आले की मी ते तीनदा तपासले. शिवाय उतरताना यातला बराच भाग रिजनरेशनमुळे, म्हणजे मोटारच जनित्रासारखी चालून वीज बनवत असल्यामुळे, बॅटरीत परत येतो. अट एकच, की बॅटरीत जागा हवी. ती शंभर टक्के भरलेली असेल, तर उतारावरची वीज घेणार कोण? आमच्या बाबतीत घाट येईपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर झालेले असतात, त्यामुळे ही अडचण आली नाही. ज्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन ट्रकांचे इतके अपघात झाले, त्याच उतारांवर आमची गाडी पायाने ब्रेक न दाबताही आवरत होती आणि टक्के तर वाढत होते. हे पाहून सौभाग्यवतींनी घाटाचा विषय सोडून दिला.

खरा धडा घाट संपल्यावर, सपाट रस्त्यावर मिळाला. प्रवास मी किलोमीटरांत न मोजता टक्क्यांत मोजतो, आणि माझ्या गाडीला ताशी ८० च्या वेगाने एका टक्क्यात पावणेतीन किलोमीटर मिळतात, तर ताशी १०० ने जेमतेम सव्वादोन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल. तरीही खलघाटानंतर मोकळा चौपदरी रस्ता दिसताच मी काटा शंभरावर नेला. सेंधव्याला ४८ टक्के शिल्लक राहतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात ४० उरले. त्या सत्तर-बहात्तर किलोमीटरांत अकरा मिनिटे वाचली होती, त्यांतली सात तेवढे आठ टक्के भरण्यात चार्जरने परत घेतली आणि वर विजेचे पैसे वेगळे पडले. तो चार्जर ६० किलोवॅटचा होता, पण त्याला दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या चार्जिंगच्या जोडण्या, होत्या आणि दुसऱ्या गनवर आधीच एक गाडी लागलेली असल्यामुळे आमच्या वाट्याला निम्मीच शक्ती आली. ८५ टक्क्यांवर मी गन काढून घेतली, कारण ऐंशीनंतर भरण्याचा वेग मंदावतो आणि तिथे ताटकळण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर भरणे स्वस्त पडते. दुसरा थांबा मालेगावजवळ झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

नाशिकला मेहुण्यांच्या सोसायटीत १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला, पण गाडीसोबतचा चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसला. दोष चार्जरचा नव्हता. सॉकेटला अर्थिंग नीट नव्हते आणि अशा ठिकाणी तो वीज घेत नाही, हे योग्यच आहे. इलेक्ट्रिशियनने तासाभरात काम करून दिले. वीज सामाईक मीटरवर जाईल, या सेक्रेटरींच्या काळजीवर दोनशे रुपयांचा छोटा युनिट-मीटर मधे लावून उपाय केला आणि निघताना युनिटे मोजून पैसे दिले.

परतीच्या वाटेवर मात्र हिशेबाची परीक्षा झाली. धुळ्याला भरून निघालो, बिजासन चढलो आणि संध्याकाळी सेंधव्याजवळच्या एका हॉटेलच्या आवारात शिरलो तेव्हा ४२ टक्के होते. ॲपमध्ये चार्जर उपलब्ध दिसत होता, सकाळी फोनवर ‘चालू है’ असे उत्तरही मिळाले होते. प्रत्यक्षात मशीन बंद. लॉनवर लग्नाची रोषणाई झगमगत होती. ‘शादी का लोड है साहब, ग्यारह के बाद आइए,’ असे रखवालदाराने शांतपणे सांगितले. मी सकाळी विचारायला हवे होते ते संध्याकाळचे, आणि विचारले होते आत्ताचे.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर किमान एक चार्जिंग केंद्र असावे, असे ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते; परंतु लग्नसराईत बंद ठेवलेले केंद्र त्या मोजणीत धरायचे की नाही, हे त्यात लिहिलेले नव्हते. तिथूनच इंदूर गाठायला साठेक टक्के लागले असते, म्हणून तो प्रश्न नव्हता. प्रश्न खलघाटपर्यंतच्या सत्तर किलोमीटरांचा होता. रस्ता नर्मदेकडे एकंदरीत उताराचा, वेग ८०, म्हणजे पंचवीस टक्के खर्च आणि सतराच्या आसपास शिल्लक. फोन करून तिथले मशीन चालू असल्याची, आणि रात्री नऊपर्यंत चालू राहणार असल्याची, खात्री करून घेतली आणि एसी एक अंश कमी गारव्यावर ठेवून निघालो.

पोहोचलो तेव्हा १८ टक्के होते. तिथून घरापर्यंतच्या ऐंशी किलोमीटरांना एकोणतीस, चढणीला साडेपाच, म्हणजे पस्तीस टक्के हवे होते. मी ५० पर्यंत भरून घेतले. मानपूरचा चढ ट्रकांच्या मागून संथपणे चढताना आकडा भराभर खाली येऊ लागला, तशी मागच्या सीटवरून सौभाग्यवतींनी पुन्हा घाटाची आठवण काढली. घाटमाथ्यावर मी वहीत आकडा लिहायला सांगितला. चढणीला सहा टक्के लागले होते, माझ्या कागदापेक्षा अर्धा टक्का जास्त. राजेंद्रनगरात गाडी लावली तेव्हा १४ टक्के शिल्लक होते आणि रात्रीचे सव्वादहा वाजले होते. सेंधव्याचा चार्जर सुरू व्हायला अजून पाऊण तास होता.