पोंग्यातली अळी आणि पडद्यावरचा परग्रहवासी

एकाने दुसऱ्याच्या शरीरात अंडं घालायचं, पिल्लाने आतून खात वाढायचं आणि वाढ पुरी झाली की यजमान फोडून बाहेर यायचं. १९७९च्या ‘एलियन’ चित्रपटातलं हे सूत्र जीवशास्त्रात तंतोतंत खरं आहे, आणि चोपडा-अमळनेरच्या कपाशीत ते दर हंगामात चालू असतं.

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. ती बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अंडं काळं पडतं आणि आठवडाभराने त्यातून अळीऐवजी माशी निघते. ही माशी शेतात सोडण्यासाठी ट्रायकोकार्ड वापरतात; या कागदी कार्डावर तांदळावरच्या पतंगाची अशी सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात. त्यांवर आधी अतिनील किरण सोडून आतला गर्भ मारतात, म्हणजे शेतात नको ती अळी निघत नाही. कार्डाच्या पट्ट्या सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. उन्हात राहिल्या तर अंडी सुकतात, उशीर झाला तर माश्या पाकिटातच निघून मरतात, आणि त्याच आठवड्यात कीटकनाशक फवारलं तर सगळीच मेहनत वाया.

अंड्याचा प्रतिकार दुबळा असतो, म्हणून ट्रायकोग्रामाचं काम सोपं. जिवंत अळीच्या अंगात अंडं घालणं फार कठीण. अळीच्या रक्तपेशी परक्या अंड्याभोवती थरावर थर चढवतात, तो थर काळा कडक होतो आणि आतलं अंडं गुदमरतं. ब्रॅकोनिड कुळातल्या काही माश्यांनी यावर तोड काढली आहे: अंड्यासोबत त्या एक विषाणूही टोचतात, आणि तो अळीची प्रतिकारशक्ती बंद पाडतो. ही जुगलबंदी कोट्यवधी वर्षांची आहे. इतकं करूनही एका जातीची माशी ठरावीक अळ्यांतच वाढू शकते. मग माणसाचं शरीर कधीच न पाहिलेल्या परग्रहवासी जीवाला ते पहिल्याच झटक्यात कसं साधेल? मला ‘एलियन’मधली सगळ्यात मोठी उडी हीच वाटते.

कोणी म्हणेल, अमेरिकन लष्करी अळीने तर इथे पाय ठेवताच मका फस्त केला. ती भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि तिथून पसरली, हे खरं. पण मकाही मूळचा अमेरिकेचाच. अळीला इथे तिचा जुना ओळखीचा यजमान आयता मिळाला.

दुसरी अडचण वजनाची. लष्करी अळी दोन-तीन आठवडे मक्याच्या पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) बसून खाते आणि मागे भुशासारख्या विष्ठेचा ढीग सोडते. ‘एलियन’मधलं पिल्लू थोड्याच वेळात माणसापेक्षा उंच होतं, पण त्याने काय खाल्लं ते दिसतच नाही. शून्यातून मांस तयार होत नाही.

१९५६च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’मध्ये तर शेंगांतून झोपलेल्या माणसांच्या हुबेहूब प्रती निघतात. ६० किलोच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी आणि ११ किलो कार्बन असतो. वनस्पतीसारखा तो हवेतून घ्यायचा, तर आजच्या हवेत घनमीटरला जेमतेम ०.२ ग्रॅम कार्बन आहे. म्हणजे एका माणसासाठी ५० हजार घनमीटरहून जास्त हवा गाळावी लागेल, तीही एका झोपेत. रावेर-यावलमध्ये ठिबक, खत आणि भरपूर ऊन मिळूनही केळीला २०-२५ किलोचा घड द्यायला अकरा-बारा महिने लागतात. भीतीच्या बाबतीत हा चित्रपट मला सगळ्यांत सरस वाटतो, पण विज्ञानात तो सगळ्यांत कच्चा.

१९५३च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. इथे विषाणू आणि जिवाणू वेगळे धरायला हवेत. विषाणूला पेशीत शिरायला नेमकं कुलूप लागतं, आणि परक्या पेशीवर ते सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र ओल, ऊब आणि पचेल असं अन्न पुरतं. ते अन्न पचेल का, हाच खरा प्रश्न. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची घडण डाव्या-उजव्या हातासारखी, आरशातल्या प्रतिमेसारखी, दोन प्रकारची असू शकते; पृथ्वीवरची प्रथिने जवळजवळ सगळी डाव्या घडणीची असतात. मंगळवासीयांची उजव्या घडणीची निघाली, तर आपल्या जिवाणूंची बहुतेक विकरे (अन्न तोडणारी प्रथिने) त्यांना तोडू शकणार नाहीत, आणि मंगळवासीयांनी माणूस खाल्ला तर त्यांनाही तो पचणार नाही.