11 मार्चला दुकान कोणाचं होतं?

आमचे बाबा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. खरेदीखत हातात, पण सातबाऱ्यावर अजून जुन्याच मालकाचं नाव, अशी माणसं आमच्या ओट्यावर कायम बसलेली असत. मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बिझनेस रेट्स विभागात लागले. बिझनेस रेट्स म्हणजे दुकानांची, गाळ्यांची घरपट्टीच म्हणा. तेव्हा बाबा फोनवर हसले, "म्हणजे तलाठीच झालीस की!"

2020 च्या मार्चमध्ये या घरपट्टीच्या यादीला एकदम सोन्याचा भाव आला. सरकारने करोनामुळे अडचणीत आलेल्या छोट्या व्यवसायांना 10 हजार पौंडांचं अनुदान जाहीर केलं आणि वाटायचं काम कौन्सिलांवर टाकलं. अट साधी दिसत होती: 11 मार्च 2020 रोजी जागेवर छोट्या व्यवसायाची रेट्समधली सूट लागू हवी आणि रेट्स भरणारा म्हणून तुमचं नाव हवं. दुकानं, हॉटेलं, जिम यांच्यासाठी वेगळी योजना होती. तिच्यात जागेचं रेटेबल मूल्य, म्हणजे रेट्ससाठी धरलेलं वार्षिक भाडेमूल्य, 50,500 पौंड असेल तर 25 हजार पौंड अनुदान आणि 51,000 असेल तर शून्य. हे फोनवर समजावून सांगताना माझीच जीभ अडखळायची. एकाच इमारतीत टेबलं भाड्याने घेऊन बसलेल्यांचे रेट्स घरमालकाच्या नावावर, त्यामुळे त्यांनाही नकार. पुढे मे महिन्यात त्यांच्यासारख्यांसाठी कौन्सिलांनी आपल्या अखत्यारीत वाटायचा निधी आला, पण त्याचे निकष प्रत्येक कौन्सिलचे वेगळे.

एप्रिलमध्ये आम्ही घरून, बेडरूममधल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पैसे वाटत होतो. कुठल्या कौन्सिलने किती वाटले याचे आकडे सरकार प्रसिद्ध करत होतं, त्यामुळे वरून एकच धोशा: लवकर, लवकर. नकाराची पत्रं मात्र निवांत, ठरलेल्या साच्यातून निघायची. माझ्या नावाने किती गेली ते मी मोजलेलं नाही.

28 ऑगस्ट, शुक्रवार. त्या रात्री दोन्ही योजना बंद होणार होत्या. सकाळी टीम लीडरने तक्रारींचा उरलेला गठ्ठा वाटून दिला. माझ्याकडे कपडे अल्टर करणाऱ्या एका बाईंचं प्रकरण आलं. जूनमध्ये त्यांना नकार मीच दिला होता: "आमच्या नोंदीनुसार 11 मार्च रोजी आपण रेट्स भरणाऱ्या नव्हता." नियमाने दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं होतं, पण माणसंच नव्हती. "तू कागद लाव, निर्णय मी घेते," लीडर म्हणाली.

तक्रारीत बाईंनी एकच ओळ लिहिली होती: मी फेब्रुवारीतच कळवलं होतं. असं बरेच जण लिहितात. तरी विभागाची मेलपेटी शोधली. 4 फेब्रुवारीची मेल सापडली, सोबत भाडेकराराची प्रत, ताबा 20 जानेवारीपासून. खाली कामाची नोंद: "जुन्या भाडेकरूची सोडल्याची तारीख नाही, प्रलंबित." नोंदीपुढे माझी आद्याक्षरं.

उठून चहा केला. तो तसाच गार झाला.

त्याहून वाईट म्हणजे, त्या गाळ्याचे 10 हजार एप्रिलमध्येच दिले गेले होते. यादीत नाव ज्याचं, त्याला. म्हणजे जानेवारीत चाव्या देऊन गेलेल्या जुन्या भाडेकरूला. त्याने फॉर्मवर खुशाल टिकमार्क केला होता.

लीडरला फोन केला. ती आधी म्हणाली तेच, जे मीही म्हणाले असते: "एका जागेला एकच अनुदान. ते गेलं." मग तिने विचारलं, "अपील करतील का?" अपिलाची सोयच नव्हती. आमची तक्रार-प्रक्रिया संपली की कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणारे लोकपाल, नाहीतर हायकोर्टात न्यायिक पुनर्विलोकन, ज्याचा खर्च अनुदानाहून मोठा. लोकपालही निर्णय पटतो की नाही हे पाहत नाहीत, तो घेतला कसा ते पाहतात. आणि तो कसा घेतला होता, ते माझ्या स्क्रीनवर उघडंच होतं.

सरकारी मार्गदर्शिका मी पुन्हा काढली. 11 मार्चनंतर यादीत झालेले बदल, मागच्या तारखेपासून लागू केले तरी, धरू नका, हे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. नकाराचं आमचं लाडकं हत्यारच ते. पण रेट्स भरणाऱ्याची माहिती चुकीची वाटली तर अनुदान रोखता येतं, वसूल करता येतं आणि खरा माणूस शोधायचा, असंही तिथेच लिहिलेलं होतं. ती ओळ मी जूनमध्येही वाचली असणार. लीडरला मोठ्याने वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती मेल फायलीला जोड. तुझ्या आद्याक्षरांसकट."

दुपारी पावणेचारला मंजुरी झाली. जुन्या भाडेकरूला वसुलीचं पत्र गेलं. पुढचं काम दुसऱ्या विभागाचं. बाईंना मी स्वतः फोन करून चूक आमची होती असं सांगितलं. माझी होती, असं म्हणायचं मनात होतं, पण तोंडातून "आमची" निघालं.

सोमवारी बँक हॉलिडे. मंगळवारी बाईंचाच फोन, आवाज घाबराघुबरा. नोंद दुरुस्त होताच यंत्रणेने त्यांना 20 जानेवारीपासूनची बिलं आपोआप पाठवून दिली होती.

"आता हे काय आणखी?"

"शेवटची ओळ वाचा," मी म्हटलं.

कागद उलटल्याचा आवाज आला. "शून्य," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाव मात्र बरोबर लिहिलंय."