हिरवा गंधार

शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडच्या माझ्या क्लासमध्ये ऋजुता भूप राग म्हणायला बसली आणि पहिल्याच आलापात गंधार, म्हणजे ग, टोचला. पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा तिथेच. कच्चा स्वर हलतो. हा अजिबात हलत नव्हता, फक्त चढा होता. नववीतली मुलगी, चार वर्षं माझ्याकडे शिकते, मध्यमा प्रथमच्या गायन परीक्षेला बसायचंय.

"ताई, पण हा बरोबर आहे," म्हणत तिने मोबाईल पुढे केला. सूर नेमका लागला की नाही हे दाखवणारं ट्यूनरचं ॲप. तिने गंधार लावला, काटा नेमका मधोमध, पडदा हिरवागार. दिवाळीच्या सुट्टीपासून रोज अर्धा तास ती या हिरव्यावर रियाज करत होती.

ॲप मीच सुचवलं होतं. आई-वडील दोघंही सातपूरला कामाला, घरी सुराला कान देणारं कुणी नाही, म्हणून.

हे ॲप पेटीसारखंच सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, प्रत्येक 100 सेंटचा; सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून, म्हणजे सा पासून, 400 सेंटवर. तंबोऱ्यात मिसळणारा गंधार 386 च्या आसपास. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, येऊन थांबायचं त्याच्यावरच, मग हे 14 सेंट लपणार कुठे? आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दूर ठेवलं, त्यामागच्या आक्षेपांतला एक हाच होता. हे मी मुलांना तोंडपाठ सांगते, आणि ॲप सुचवताना माझ्या लक्षात आलं नाही. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल माझा तंबोरा गोंगाट समजून गाळून टाकायचा, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी खोळीतून तंबोरा काढला. काळी चार पट्टीत जुळवला, मणी सरकवले, घोडीवरचा दोरा केसभर पुढे-मागे करत खरजाची, म्हणजे खालच्या सा च्या तारेची, जवारी (तिची घुमणारी गुंज) खुलवली. यात पंधरा मिनिटं गेली, जाऊ दिली. मग तिला म्हटलं, गायचं नाही, फक्त खरज छेड. जवारी खुलली की खरजाच्या पोटातून गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पाच-सहा मिनिटांनी तिने मान वर केली. "आत ग आहे."

"त्याच्यात तुझा मिसळ."

पहिल्यांदा वर गेली. मग हळूच खाली आली आणि दोन्ही आवाज एक झाले. तिचा वेगळा ऐकूच येईना. तिनेच ॲप पाहिलं. काटा डावीकडे, हिरवं गायब.

डोळे भरून आले तिचे. "मग इतके महिने मी काय केलं?"

तिच्या आवाजातली स्थिरता त्या ॲपनेच दिलीय, हे मी सांगितलं आणि ते खरं आहे. तरी तिच्या प्रश्नाचं ते पुरतं उत्तर नाही, हे तिलाही कळलं असावं.

माझ्या तंबोऱ्याचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग तिला दिलंय. फोनच्या स्पीकरमधून खरज जवळजवळ येतच नाही, म्हणून वडिलांना मोठा स्पीकर जोडायला सांगितलं. त्यावर गायचं, रेकॉर्ड करायचं, सकाळी ताज्या कानाने ऐकायचं.

बुधवारी तिचं पहिलं रेकॉर्डिंग आलं. पहिली दोन आवर्तनं गंधार खरजात विरघळलेला. तिसऱ्यापासून हळूहळू वर, जुन्या जागी.