नायक लपवणे थांबवतो तेव्हा

सोमवार, रात्री

'गॉड ऑफ वॉर' या व्हिडिओ गेमचा २०१८ चा भाग आज पुन्हा शेवटपर्यंत खेळून झाला आणि या खेपेस माझे लक्ष नायक क्रेटोसच्या कुऱ्हाडीपेक्षा त्याच्या हातांवरच्या पट्ट्यांकडेच अधिक होते. त्या पट्ट्यांखाली साखळ्यांच्या चटक्यांचे वण आहेत. २००५ सालच्या पहिल्या गेमपासून ज्या पात्यांनी त्याने ग्रीक देवांच्या जगात रक्तपात केला, त्या 'ब्लेड्स ऑफ केऑस'च्या साखळ्या त्याच्या हातांत जाळून बसवलेल्या होत्या. एरीज या युद्धदेवाच्या कपटामुळे त्याच्याच हातून त्याची पत्नी आणि मुलगी मारली गेली आणि त्यांची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटली, हे जुने भाग खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच्या आताच्या मुलाला, ॲट्रियसला, मात्र यातले काहीच ठाऊक नाही. आईची राख सर्वांत उंच शिखरावरून उधळण्यासाठी वडिलांबरोबर निघालेल्या त्या मुलाला आपण देव आहोत हेसुद्धा कोणी सांगितलेले नाही.

माझ्या मते या गेमचे खरे कथानक शिखराच्या प्रवासाचे नसून त्या पट्ट्यांचे आहे. सुरुवातीला हरणाच्या शिकारीच्या वेळी क्रेटोसचा हात मुलाच्या पाठीपर्यंत जातो आणि तिथेच थबकून मागे येतो. त्याच्या मनात माया नाही असे मुळीच नाही. आपल्या स्पर्शातून आपला भूतकाळ मुलापर्यंत पोहोचेल, ही त्याची भीती आहे. म्हणून तो हुकूम देतो, चुका दाखवतो, शिकवतो आणि स्वतःबद्दल एक अक्षरही बोलत नाही. पुढे मुलगा आजारी पडतो, तेव्हा फ्रेया ही देवी क्रेटोसला स्पष्ट सांगते की स्वतःला मर्त्य समजणाऱ्या देवाच्या मनातल्या विसंगतीतूनच हा आजार उद्भवला आहे. बापाने जे लपवले, तेच मुलाच्या जिवावर उठले आहे. औषधासाठी ज्या हेलहाइम या मृतांच्या जगात जायचे असते, तिथल्या थंडीत त्याच्या बर्फाळ कुऱ्हाडीचा उपयोग नसतो, म्हणून क्रेटोस एकटाच होडीने घरी परततो, जमिनीखाली पुरून ठेवलेली ती जुनी पाती बाहेर काढतो आणि समोर उभ्या राहिलेल्या ग्रीक देवी अथेनाच्या छायेला सांगतो की मी राक्षस असेन, पण आता तुमचा नाही. दिग्दर्शक कोरी बार्लॉग यांनी हा संपूर्ण गेम एकाच सलग दृश्यासारखा रचला आहे, कॅमेरा कुठेही तुटत नाही. त्यामुळे होडीतला तो दीर्घ प्रवास आपल्यालाही टाळता येत नाही. वल्ही आपल्यालाच मारावी लागतात आणि क्रेटोसच्या मनात काय चालले असेल याचा विचार करण्यावाचून दुसरे काहीही करता येत नाही.

सत्य कळल्याबरोबर सारे सुरळीत झाले असते, तर मला हे कथानक इतके पटले नसते. आपण देव आहोत हे समजल्यावर ॲट्रियस आधी उर्मट होतो, उलट उत्तरे देतो आणि वडिलांनी बजावूनही थॉर देवाच्या मुलाला, मोदीला, ठार मारतो. क्रेटोसने अर्धेच सत्य सांगितलेले असते; सामर्थ्याचे सांगितले, त्याच्या किमतीचे नाही. उरलेले अर्धे तो त्यांचा पाठलाग करणाऱ्या बाल्डर या देवाच्या मृत्यूनंतर सांगतो: आपण ज्यांना मारले त्यांतले अनेक जण त्या शिक्षेला पात्र नव्हते आणि आपण आपल्या वडिलांचाही वध केला आहे. त्यानंतर योटुनहाइम या महाकायांच्या जगात तो हातांवरच्या पट्ट्या सोडतो, वाऱ्यावर जाऊ देतो आणि आता लपवण्यासारखे काही उरले नाही असे मुलाला सांगतो. २०२२ च्या 'रॅग्नारोक' या पुढच्या भागात तो मुलाचे ऐकून घ्यायला शिकतो आणि शेवटी त्याला स्वतःच्या वाटेने जाऊ देतो. तो भाग मला मनापासून आवडतो, पण त्याची मुळे या पट्ट्यांतच आहेत.

बुधवार

परवाच्या विचाराने दिवसभर पाठ सोडली नाही. नायक बदलला असे आपण कधी म्हणतो? तो शांत झाला, हसू लागला किंवा त्याने कोणासाठी तरी प्राण पणाला लावले की आपण तसे सहज म्हणून टाकतो. परंतु प्राण पणाला लावणे तर पहिल्या लेव्हलपासून चाललेलेच असते. जे त्याला आधी अशक्य होते आणि नंतर शक्य झाले, ते म्हणजे दुसऱ्या माणसाला स्वतःला नीट पाहू देणे. हे मनात धरून मी 'फायनल फँटसी ७'मधल्या क्लाउडकडे पुन्हा पाहिले आणि १९९७ सालच्या त्या ओबडधोबड, ठोकळेबाज आकृत्यांमध्ये इतके सूक्ष्म काम झाले आहे याचे मला नव्याने आश्चर्य वाटले.

क्लाउड स्वतःला 'सोल्जर' या निवडक दलातला पहिल्या श्रेणीचा योद्धा म्हणवतो. निबेलहाइम गावाची होळी झाली त्या दिवसाची हकीकत तो सोबत्यांना आत्मविश्वासाने सांगतो आणि आपण ती हकीकत प्रत्यक्ष खेळतो, म्हणून तिच्यावर शंका घेण्याचे आपल्याला सुचत नाही. त्याच्याच गावातल्या टिफाला मात्र पहिल्यापासून जाणवत असते की काहीतरी जुळत नाही. ती त्या दिवशी तिथे होती. तिच्या आठवणीत पहिल्या श्रेणीचा योद्धा म्हणून आलेला तरुण क्लाउड नव्हता, झॅक नावाचा दुसराच कोणी होता. तरीही ती गप्प राहते, कारण बोलले तर हा माणूस कोसळेल अशी तिला धास्ती वाटते. ती बोलली असती तर खलनायक सेफिरॉथला क्लाउडच्या मनावर इतकी सहज पकड घेता आली नसती, असे मला या खेपेस प्रकर्षाने वाटले. पण तिच्या जागी मीही बोलू शकले असते का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

पुढे लाइफस्ट्रीम या ग्रहाच्या जीवनप्रवाहात, क्लाउडच्या विस्कटलेल्या मनाच्या आत, दोघे एकत्र सापडतात. तिथे टिफा जे करते ते या माध्यमातल्या नात्यांमधले मला सर्वांत सुंदर वाटते. तू अमुक आहेस असे ती त्याला सांगत नाही. आपण सुचवलेली आठवण त्याने खरी मानून घेतली, तर तो पुन्हा दुसऱ्याच्याच शब्दांवर उभा राहील, हे ती ओळखते आणि आपण न सांगितलेली एखादी आठवण तुझ्या मनातून तूच काढ, असे त्याला म्हणते. मग हळूहळू लहानपणचा एकाकी मुलगा समोर येतो, जो टिफाचा मित्र कधी नव्हताच, जो दुरून पाहत असे, आणि डोंगरावर ती पडली तेव्हा तिच्या मागोमाग गेला म्हणून ज्याच्यावरच दोष आला. अखेरीस त्या होळीच्या दिवशीचा साधा शिपाई शिरस्त्राण काढतो आणि आत क्लाउडचा चेहरा असतो. दलात निवड झाली नाही याची लाज वाटून तो आपल्याच गावात तोंड झाकून आला होता! त्याने टिफाला वचन दिले होते, मोठा योद्धा होऊन दाखवीन म्हणून. शरमेपोटी झाकलेला तो चेहरा इतक्या वर्षांनी तिने पाहिला आणि ती निघून गेली नाही, एवढ्यावर तो माणूस पुन्हा उभा राहतो. परत आल्यावर तो सर्व सोबत्यांसमोर स्वतःहून सांगतो की मी त्या दलात कधीच नव्हतो. त्याला कोणीही टाकत नाही, तेव्हा मला दर वेळी भरून येते.

गुरुवार, उशिरा

रोजनिशी लिहिताना 'रेड डेड रिडेम्प्शन २'मधल्या आर्थर मॉर्गनची आठवण होणे साहजिक आहे, कारण तोही वही बाळगतो. १८९९ सालच्या अमेरिकेत लूटमार करून जगणारा हा दांडगा माणूस टोळीत मोजकेच आणि तुसडे बोलतो. आपण त्याची वही उघडली की तिथे पक्ष्यांची, झाडांची, माणसांची हळुवार रेखाटने दिसतात आणि स्वतःबद्दलचा अविश्वासही वाचायला मिळतो. त्याचा कोवळेपणा आधीपासूनच आहे, फक्त तो कोणाला दाखवत नाही. वही पाहणारे आपण एकटेच असतो, म्हणून आर्थरचा बदल आपल्याला टोळीतल्या कोणाहीपेक्षा आधी कळतो.

ज्या गरीब कर्जदाराला त्याने वसुलीसाठी मारहाण केली, त्या टॉमस डाउन्सकडूनच त्याला क्षयाची लागण होते. ही योजना फार उघड आहे असे म्हणणारे खेळाडू मला भेटले आहेत, पण मला तसे वाटत नाही. तो मारहाणीचा प्रसंग कथेच्या सुरुवातीला कंट्रोलर हातात घेऊन आपणच पार पाडलेला असतो आणि एक किरकोळ काम म्हणून विसरूनही गेलेलो असतो. पुढे डाउन्सच्या पत्नीला आणि मुलाला मदत करण्याची संधी मिळते, तेव्हा आर्थरला काय वाटते हे कोणी समजावून सांगण्याची गरजच उरत नाही.

खेळाडूने त्याला बऱ्यापैकी चांगल्या वाटेने नेले असेल, तर रेल्वे स्थानकावर सिस्टर काल्डेरोन यांची भेट होते आणि तिथे आर्थर सांगतो की मला भीती वाटते. आयुष्यात बंदुकीपुढे न डगमगलेल्या माणसाने हे एका वृद्ध ख्रिस्ती जोगिणीला मोठ्याने सांगितले, याला मी त्याच्या शेवटच्या लढाईपेक्षा अधिक महत्त्व देते. वहीत लिहिलेले पहिल्यांदाच वहीबाहेर आले. त्याच्या मृत्यूनंतर ती वही टोळीतल्याच जॉन मार्स्टनकडे जाते आणि उरलेल्या पानांवर जॉन आपल्या अडखळत्या हाताने लिहू, चितारू लागतो.

रविवार

काही गेममध्ये भेटवस्तू देत राहिले किंवा संवादातला योग्य पर्याय निवडत राहिले की नात्याचा आकडा वाढत जातो. २००९ सालच्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये सोबत्यांची मर्जी अशी राखता येते आणि मला तो गेम इतर कारणांसाठी प्रिय आहे, पण ज्या नात्यात चुकीच्या क्षणी खरे बोलण्याची जोखीमच नाही, त्याने मला कधी हलवले नाही.

याउलट 'सेलेस्ट'. २०१८ सालच्या या छोट्याशा गेममध्ये मॅडलीन डोंगर चढते आणि तिच्याच मनाची घाबरलेली, टोचून बोलणारी बाजू देह धारण करून तिला अडवते. तिच्यापासून सुटका करून घ्यायची, तिला मागे टाकायचे, असे मॅडलीन ठरवते आणि त्या निर्णयाचे फळ म्हणजे ती थेट डोंगराच्या तळाशी फेकली जाते. तिथे ती त्या दुसऱ्या मॅडलीनचा पाठलाग करते, तिची समजूत घालते आणि ती स्वतःही घाबरलेलीच आहे हे पाहते. दोघी एक होतात तेव्हा इतका वेळ हवेत एकदाच मारता येणारी झेप आता दोनदा मारता येते. समेटाचा अर्थ कोणी शब्दांत सांगण्याआधी तो बोटांना कळतो आणि जी उंची मघापर्यंत आवाक्याबाहेर होती, ती गाठता येते. हे काम फक्त गेमच करू शकतो.

जोएलबद्दल मात्र माझे मन अजून स्थिर नाही. 'द लास्ट ऑफ अस'च्या २०१३ सालच्या पहिल्या भागात मुलगी गमावलेला जोएल हळूहळू प्रवासात सोबत असलेल्या एली या मुलीचा बाप होत जातो, आणि सॉल्ट लेक सिटीत नेहमीप्रमाणे तिला वर चढवण्यासाठी तो हात जुळवून उभा राहतो तेव्हा ती येत नाही, विचारात हरवून बसून राहते. प्रवासभर अंगवळणी पडलेली ती कृती अर्धवट राहते आणि तिच्या मनावरचे ओझे आपल्याला उमगते. त्यानंतर जिराफ येतात, आणि त्यानंतर ते रुग्णालय, जिथे साथीवरच्या औषधासाठी एलीचा जीव जाणार असतो. तिला वाचवण्यासाठी जोएल तिथली माणसे मारतो आणि तिने शपथेवर विचारल्यावर खोटे बोलतो. माझ्या साऱ्या विचारांप्रमाणे पाहिले तर वाढ व्हायची ती इथेच खुंटली.

२०२० सालच्या दुसऱ्या भागात ते खोटे उघडकीस येते, पण जोएल पश्चात्ताप करत नाही. व्हरांड्यात उभा राहून, डोळ्यांत पाणी असताना, तो सांगतो की पुन्हा संधी मिळाली तरी मी तेच करीन. त्याने काहीही झाकून ठेवलेले नाही आणि तरीही तो तसूभर बदललेला नाही. मग स्वतःला दाखवणे आणि बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला मान्य करावे लागते. त्या उत्तरावर एली म्हणते की कदाचित तुला क्षमा करणे मला कधीच जमणार नाही, पण प्रयत्न करायला आवडेल. त्याने गोड काही सांगितले असते, तर तिला हे म्हणता आले नसते, असे मला वाटते. तिला खरा जोएल हवा होता, न पटणारा असला तरी. दुसऱ्याच दिवशी तो मारला जातो. हा व्हरांड्यातला प्रसंग गेमच्या अगदी शेवटी दाखवला आहे, सारा सूड घेऊन, सोडून झाल्यानंतर, आणि ही मांडणी मला अचूक वाटते, कारण एली नेमके काय हरवून बसली होती हे तोवर आपल्याला कळलेलेच नसते.

उद्यापासून दुसरा भाग पुन्हा सुरू करणार आहे. या खेपेस जोएलला मारणारी ॲबी आणि तिच्या सोबतीला आलेला लेव्ह यांच्याकडे अधिक लक्ष द्यायचे आहे, कारण शत्रुपक्षातल्या एका मुलासाठी ॲबी आपल्याच माणसांच्या विरुद्ध उभी राहते, आणि ती त्याला स्वतःबद्दल किती सांगते आणि किती राखून ठेवते, हे मी आजवर कधीच बारकाईने पाहिलेले नाही.