नुसत्या रिंगा टाकून भागेल का?

जुनी, हवेवर थंड होणारी फोरस्ट्रोक सिंगल सिलिंडर गाडी बाळगणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न: सायलेन्सर निळा धूर टाकतोय, किकमध्ये दम राहिला नाही, तर पिस्टनवरच्या नुसत्या रिंगा (कड्या) टाकून भागेल का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बहुतेक वेळा नाही. आणि रिंगांचा सेट आधी आणून ठेवायची घाईही नको. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी, मोजल्याशिवाय कुठल्या साइजच्या रिंगा लागणार हेच कळत नाही.

आधी धूर नीट बघा. चढावर थ्रॉटल ओढल्यावर सतत निळा धूर असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर. थ्रॉटल बंद ठेवून उतार उतरलात आणि पुन्हा उघडताच भपका आला, तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ढिले. गाडी पंधरा दिवस उभी होती, सुरू केल्यावर काही मिनिटं धूर आला आणि मग साफ झाला, तर ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरलेलं असतं. त्यासाठी हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) हात लावू नका. ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय का तेही बघून घ्या. मग कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि सुई चढायची थांबेपर्यंत किक मारा. प्लगच्या भोकातून साधारण 5 मिली ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांकडून आहे. जवळपास तोच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

हेड थंड इंजिनावरच खोला, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. नट समोरासमोरचे, पाव-पाव फेरा ढिले करत जा. इनलेटचा आणि एक्झॉस्टचा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला खालून रेटणारी दांडी) वेगवेगळा खूण करून ठेवा. हेड चिकटलं तर फिन्समध्ये (हवेने थंड होणाऱ्या पात्यांमध्ये) स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, फिन तुटते. पोर्टच्या (गॅस आत-बाहेर जायच्या वाटेच्या) जाड भागावर रबरी हातोडीने ठोका. सिलिंडरचा ब्लॉक वर उचलताना पिस्टन पूर्ण बाहेर यायच्या आत क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवून धरणारी कडी) आत पडली की हाफ इंजिनचं, म्हणजे नुसतं वरचं, काम फुल इंजिनवर जातं. पिस्टन उकळत्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने गरम केला की पिन हलक्या दाबाने निघते. हातोडी मारून काढलीत तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आता रॉड सरळ वर-खाली हलवून बघा. बाजूला थोडा सरकतो, ते चालतं. वर-खाली खुटखुट लागली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलंय, आणि वरच्या कामावरचा सगळा खर्च वाया जाणार. तिथेच थांबा.

मग मोजमाप. बोअर गेजने वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, अशी सहा मापं घ्या. झीज सगळ्यात जास्त वरची रिंग जिथपर्यंत चढते तिथे असते, कारण तिथे गॅसचा दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. पुढच्या-मागच्या बाजूला पिस्टन रेटला जातो म्हणून बोअर लंबगोल होतो. रिंग मात्र गोलच असते. अशा बोअरमध्ये नवी रिंग काही ठिकाणी टेकते, काही ठिकाणी नाही. आत सरकवून मागून टॉर्च धरलात तर फटीतला उजेड दिसतो. त्यात वरच्या कडेला न झिजलेल्या भागाची किनार उरलेली असते. जुनी रिंग तिच्यासोबतच झिजलेली असते. नवी, चौकोनी कडेची रिंग तिच्यावर आदळून तुटते, कधी पिस्टनचा रिंग लँडही (दोन रिंगांमधला पट्टा) सोबत नेते. ‘नुसत्या रिंगा’ टाकलेलं इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा धूर टाकायला लागतं ते यामुळे.

नखाला किनार लागत नसेल आणि सहाही मापं मॅन्युअलच्या मर्यादेत असतील, तर होनिंग (दगडाने बोअरला आतून बारीक ओरखडे पाडणं) आणि स्टँडर्ड रिंगा पुरतात. नाहीतर रिबोअर, म्हणजे बोअर कापून मोठा करणं. त्यात बसणारे मोठे, ओव्हरसाइज पिस्टन सहसा 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मि.मी.चे मिळतात. पिस्टन आधी घ्या, तो पिनच्या काटकोनात, स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर) मायक्रोमीटरने मोजा, आणि त्या मापाला धरून बोअर करून घ्या. क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) पिस्टनसोबतच्या कागदावर असेल तेवढा. ‘जरा टाइट ठेवतो, जास्त टिकेल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. टाइट पिस्टन पहिल्याच लांब चढावर जाम होतो.

रिंग गॅपचा (बोअरमध्ये बसवलेल्या रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीचा) ठोकताळा: बोअरच्या दर मिलिमीटरला 0.004 मि.मी. म्हणजे 70 मि.मी. बोअरला 0.28. रिंग पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा आणि फीलर गेजने मोजा. कमी भरला तर बारीक कानस बाहेरून आतल्या दिशेने चालवा. गॅप किंचित जास्त झाला तर फारसं बिघडत नाही. कमी राहिला तर रिंगेची टोकं गरम झाल्यावर एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो.

होनिंगनंतरची धुलाई लोक पेट्रोलवर उरकतात. पेट्रोलने तेलकटपणा जातो, दगडाची पूड ओरखड्यांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्या. पांढरं फडकं आतून फिरवून करडं होत असेल तर पुन्हा धुवा. पांढरंच राहिलं की लगेच वाळवून ऑइलचा हात फिरवा, कारण बिडाला काही मिनिटांत गंज धरतो.

हेडमधले व्हॉल्व्ह काढण्याआधी स्टेमच्या (दांडीच्या) कॉटर खाचेवरची, म्हणजे स्प्रिंग अडवणाऱ्या तुकड्यांच्या खाचेवरची, कड बारीक कानशीने मोडा, नाहीतर ती गाईड खरवडत बाहेर येते. गाईड बदललं की सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) पुन्हा कापावीच लागते. केंद्र सरकलेलं असतं. ग्राइंडिंग पेस्टने खड्डे भरून निघत नाहीत. तासभर घासत बसलात तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल धसतो, एवढंच. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटं ठेवा, चेंबरमध्ये ओल दिसायला नको. तांब्याचं जुनं गॅस्केट लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं आणि पुन्हा चालतं.

बसवताना सर्क्लिपा नव्याच, रिंगांची खूण वर, तीन रिंगांचे गॅप 120 अंशांवर. ऑइलचा थर पातळसाच, रिंगा ऑइलमध्ये बुडवून बसवल्या की त्या बेड व्हायला (बोअरशी घासून नीट बसायला) वेळ लावतात. नट टॉर्क रेंचने, आडवे-तिडवे, तीन टप्प्यांत. टॅपेट (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली फट) थंड इंजिनावर लावा.

सुरू केल्यावर आयडलवर ताटकळत ठेवू नका. रिंगा बोअरला दाबल्या जातात त्या त्यांच्यामागच्या गॅसच्या दाबाने, म्हणून मध्यम थ्रॉटल द्या, सोडा, पुन्हा द्या. फार जपून चालवलेल्या इंजिनाचा बोअर ग्लेझ (गुळगुळीत चकचकीत) होतो आणि ते जन्मभर ऑइल पितं. साधं मिनरल ऑइल भरा. ते पहिल्या 80 कि.मी.ला आणि पुन्हा 500 ला, इंजिन गरम असताना बदला. पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्क करा. नट थोडे का होईना फिरतातच, आणि गॅस्केट दबलं की टॅपेटचा क्लिअरन्सही कमी होतो. म्हणून त्यानंतर लगेच टॅपेट तपासा.