पायरीखालचा डाग

आमच्या घराच्या पायरीखाली चिऱ्यावर एक काळा, चिकट डाग आहे. आईने राख, सोडा, काथ्या, सगळं वापरून पाहिलं. पण जांभा एकदा तेल प्यायला की प्यायला. डागाचे धनी बाबा, आणि कारण त्यांची येझदी रोडकिंग मोटरसायकल. मैसूरचा तो जुना कारखाना १९९६ साली बंद झाला, पण रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आमची गाडी अजून पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. म्हणजे गळायची सोयही दुप्पट.

पावसाळा सरल्यावर मी हे प्रकरण हातात घेतलं. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा बेंड पाईप सिलिंडरला जिथे मिळतो तिथे पाकळ्यांचा मोठा नट असतो. त्याला हुकासारख्या आकड्याचा पाना लागतो. तो कधीच जागेवर सापडत नाही, म्हणून तिथे छिन्नी-हातोडी चालते. आमच्या नटाच्या तीन पाकळ्या अशाच कामी आलेल्या. (दोन बाबांच्या नावावर, एक माझ्या.) नट निघाला, आटे शाबूत होते, आतलं तांब्याचं वायसर मात्र दबून पापडासारखं झालेलं. नवीन मिळेपर्यंत तेच गॅसवर लालबुंद तापवून पाण्यात टाकलं. तांबं असं केलं की मऊ पडतं आणि पुन्हा नीट दबून बसतं. आईने विचारलं, "ह्याच शेगडीवर मोदक व्हायचेत ना रे?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन दिवस सांधा कोरडा ठणठणीत. तिसऱ्या दिवशी तेल सायलेन्सरच्या शेपटातून ठिबकायला लागलं.

गॅरेजवाल्याने गाडीकडे न बघताच विचारलं, "रोज किती चालवता?" म्हटलं, बाजारापर्यंत. दोन किलोमीटर. "मग नट आवळून काय होणार? तेल जळतच नाय तुमचं." टू-स्ट्रोक इंजिनचं तेल पेट्रोलमधूनच आत जातं आणि सगळं काही जळत नाही. पाईप तापलेला असला तर उरलेलं धूर होऊन निघून जातं. गार असला तर आतच थिजतं, काजळीत कालवतं आणि सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. आमच्याकडे इंजिन तापायच्या आत मासळीची पिशवी हँडलला लागलेली असते. त्याने गिअरबॉक्सचं तेलही तपासलं. ते कमी झालं असतं तर क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलं असं धरून इंजिन उघडावं लागलं असतं. पातळी बरोबर निघाली. मग त्याने हळूच विचारलं, "ऑइल कोण टाकतं?"

बाबा टाकतात. अंदाजाने. आमटीत गूळ टाकावा तसं, थोडं जास्तच.

मी दोन्ही सायलेन्सरच्या जाळ्या काढून परसात करवंट्यांच्या विस्तवावर भाजल्या. अर्धी वाडी धुरकटली. काजळीची खपली खरवडली, भोकं मोकळी झाली. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण धुऊन तेलाच्या डब्याला बांधलं. लिटरला चार टोपणं, पाच लिटरला वीस. मग रविवारी सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने गाडी गणपतीपुळ्यापर्यंत दामटली. चढावर आधी निळा धूर इतका निघाला की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत पुढे गेला. वारे गावच्या पुलापर्यंत तो विरत विरत गेला आणि इंजिनचा आवाज मोकळा झाला. परत आल्यावर पाईप गरम असतानाच नट अर्धा फेरा आणखी आवळला.

रात्री खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी त्यावर एकच थेंब, तोही मोहरीएवढा. बाबांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"एवढं कमी तेल बरं नव्हे," म्हणाले. "पिस्टन चिकटेल."

परवा पेट्रोल भरताना मी मोजत होतो. अठरा, एकोणीस, वीस. बाबांनी माझ्या हातातून डबा घेतला, आणखी एक टोपण भरलं आणि टाकीत ओतलं.

"हे वाटेवरच्या गणपतीचं," म्हणाले.